"आता बीपी गेलं" असं मी शेकडो जणींना सांगितलं: आरोग्य आयुक्तांना एका निवृत्त आरोग्यसेविकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी १९८६ साली आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले आणि २०१९ मध्ये निवृत्त झाले. बहुतेक नोकरी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या उपकेंद्रांवर गेली. दसरा झाला की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, असा हा भाग. गावात मला नावाने कुणी हाक मारली नाही, सगळ्यांची मी सिस्टर. निवृत्त झाले तरी अजून सिस्टरच आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

१९९४ सालची गोष्ट. अठरा वर्षांची पोर, पहिलटकरीण, आठवा महिना. टोळीबरोबर फडावर गेली होती, पाय सुजले म्हणून सासूने परत आणली. पायावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. पाऱ्याच्या मशीनवर बीपी १७०/११०. तेव्हा लघवी तपासायला आमच्याकडे पट्ट्या नसायच्या. टेस्टट्यूबमध्ये लघवी घ्यायची, वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा आणि ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. तिची लघवी फाटलेल्या दुधासारखी झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. जीप मिळेपर्यंत संध्याकाळ झाली आणि घाटात तिला झटके आले. मी तिच्या दातांत कापडाची घडी धरून बसले होते. आज तसं करू नये असं शिकवतात, तेव्हा आम्हाला तेच शिकवलं होतं. पोर वाचली. मुलगी झाली, १ किलो ८०० ग्रॅमची, तीही वाचली.

दोन महिन्यांनी मी तिच्या घरी गेले. बीपी १२०/८०. रजिस्टरमध्ये 'नॉर्मल' लिहिलं आणि तिला म्हणाले, "गेलं बघ आता. काळजी करू नको."

हेच वाक्य मी तेहतीस वर्षांत किती जणींना सांगितलं, त्याचा हिशेब नाही. आम्हाला शिकवलंच तसं होतं. बाळंतीण झाली, वार पडली, दीड-दोन महिने गेले की गरोदरपणातलं बीपी उतरतं आणि विषय संपतो. मातामृत्यू टाळायचा, बाळ वाचवायचं, ४२ दिवस झाले की नाव पुढच्या रजिस्टरला. त्यापुढे बाई आमच्या हिशेबातून जायची आणि परत यायची ती कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाच.

गेल्या दिवाळीनंतर टोळ्या गेल्या आणि गाव ओस पडलं. मी सहज त्या बाईच्या घरावरून चालले होते. ती ओट्यावर बसली होती. आता पन्नाशीला टेकली आहे. यंदा का गेली नाही विचारलं तर म्हणाली, मोळी डोक्यावर घेतली की दम लागतो, मुकादमाने ठेवून घेतलं नाही. रात्री आडवं झोपता येत नाही, उशाला दोन गाठोडी घेते. लोक म्हणतात पित्त आहे. माझ्या पिशवीत अजून बीपीचं मशीन असतं. १९०/११०. मी पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा तेच.

तिला आकडा सांगितला तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच म्हणाला होतात ना, गेलं म्हणून?"

साहेब, माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे, उत्तर होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर एक तरुण वैद्यकीय अधिकारी होत्या, त्यांनी मला ते समजावून सांगितलं होतं. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं. हृदयाला तेवढं जास्त काम पडतं. नवा पूल बांधला की भरलेले ट्रक उभे करून बघतात, तसं गरोदरपण बाईच्या हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना बघतं. ज्यांचं बीपी तेव्हा चढतं आणि लघवीतून प्रथिनं जातात, त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असते. बाळंतपणानंतर बीपी उतरतं, पण पुलाला गेलेला तडा तसाच राहतो. अशा बायांना पुढे हृदयविकाराचा धोका इतर बायांच्या सुमारे दुप्पट असतो आणि कायमचं बीपी जडण्याचा धोका तिप्पट-चौपट. हे काही कालपरवा कळलेलं नाही. २००७ साली यावर अनेक अभ्यास एकत्र करून मोठी मांडणी झाली, आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बायांच्या हृदयविकाराच्या धोक्याच्या यादीत गरोदरपणातलं बीपी घातलं. आमच्या गावापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

आता फॉर्मबद्दल. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी, शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, तो मी पाहिला आहे, नोकरीत असताना त्यांच्या शेजारी बसून भरूनही घेतला आहे. वय विचारतात, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आई-वडील-भावंडांना बीपी, शुगर किंवा हृदयविकार आहे का, आठवड्याला १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का. चार गुणांच्या वर गेलं की आधी तपासणीला पाठवतात. चुलीत काय जाळता हेही विचारतात, ही चांगली गोष्ट आहे. चुलीच्या धुराने आमच्या बायांचं फार नुकसान केलं आहे.

पण ही बाई त्या फॉर्ममध्ये कशी दिसते बघा. दारू नाही. कंबर बारीक. हालचाल दिवसाला बारा तास. आई-वडिलांचं बीपी कुणी कधी मोजलंच नाही, म्हणजे उत्तर 'नाही'. मिसरी लावते, त्याचे काय ते गुण आणि वयाचे गुण. अठराव्या वर्षी तिच्या हृदयाने जो निरोप दिला होता, तो ऐकायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. आणि तो निरोप आपल्या खात्याकडे लेखी होता, माझ्याच अक्षरात.

म्हणून मला रजिस्टरांबद्दल बोलायचं आहे. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाची एक काउंटी आहे. तिथे १९११ साली एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य आरोग्यसेविकेने घरोघर जाणाऱ्या नर्सना एक शिस्त लावली. जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं वजन लिहायचं, अंगावर पितं की बाटलीने ते लिहायचं, वर्षाचं झालं की पुन्हा वजन करायचं, दात किती आले तेसुद्धा. ही रजिस्टरं कशीबशी टिकली. १९८० च्या दशकात डेव्हिड बार्कर या डॉक्टरांना ती सापडली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते शोधून काढलं आणि १९८९ मध्ये छापलं. जन्माला आणि वर्षाच्या वयाला जे सगळ्यात हलके होते, तेच मोठेपणी हृदयविकाराने सगळ्यात जास्त मेले होते. हृदयविकार म्हणजे मोठेपणीच्या खाण्यापिण्याचा, बैठ्या कामाचा आजार, असं जग धरून चाललं होतं. त्याची मुळं आईच्या पोटात असतात, हे काही नर्सच्या अक्षरावरून कळलं. डॉक्टरमॅडमनी मला हे सांगितलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी साल्टर काट्याच्या झोळीत ठेवून केलेली सगळी वजनं डोळ्यांसमोरून जात होती.

आपल्याकडे पुण्याजवळच्या सहा गावांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून हेच काम केलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं दिसायला काडीसारखी, हातापायांवर मांस नाही, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी राखलेली. जन्मतःच बारीक आणि जन्मतःच चरबीदार. पुढे शुगर आणि हृदयविकाराला लागणारी जमीन तिथेच नांगरली जाते. गरोदरपणात ज्या आया जास्त कष्टाचं काम करत होत्या, त्यांची बाळं लहान होती. ज्यांना हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध मिळत होतं, त्यांची बरी होती. यात आम्हा बायांना नवल काहीच नाही, पण हे आकड्यांनिशी सिद्ध झालं आहे, आणि ते आपल्याच गावांत सिद्ध झालं आहे.

माझ्या घरातलंही सांगते. १९७२ च्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मी अकरा वर्षांची, पाठच्या बहिणीला कडेवर घेऊन कामावरच असायचे, कारण तिथे सुकडी मिळायची. घरात मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. आईला दिवस गेले होते. उन्हात खडीच्या ढिगाशी एक पाय दुमडून बसलेली, हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेली आई मला आजही दिसते. ती सुकडी आम्हाला द्यायची आणि स्वतः पाणी प्यायची. धाकटा भाऊ १९७३ च्या उन्हाळ्यात झाला. त्याचं वजन कुणी केलं नाही, सुईण म्हणाली, मुठीएवढं आहे. लहानपणी कायम किडकिडीत. पुढे पुण्याला एका कारखान्यात लागला, बसायचं काम, दोन वेळा पोटभर जेवण, आणि चार वर्षांत पोट सुटलं. आम्हाला आनंद झाला, पोराच्या अंगाला लागलं म्हणून. छत्तिसाव्या वर्षी शुगर निघाली. २०१९ मध्ये, मी निवृत्त झाले त्याच वर्षी, झटका येऊन गेला. शेहेचाळीस वर्षांचा. माळकरी होता, सुपारीसुद्धा खात नव्हता.

एका माणसावरून शास्त्र मांडता येत नाही, हे मला कळतं. पण १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडची रसद तोडली, तेव्हा उपाशी आयांच्या पोटात जी मुलं नुकतीच रुजली होती, त्यांना पुढे हृदयविकार जास्त झाला आणि लवकर झाला. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात असं दिसलं, की पहिल्या दोन वर्षांत बारीक असलेली आणि नंतर भराभर वजन घेतलेली मुलं तिशीच्या आसपासच शुगरकडे वळली. दुष्काळात पोटात असलेली आपली पिढी आज बावन्न-त्रेपन्न वर्षांची आहे. फॉर्ममध्ये त्यांचं वय लिहिलं जातं. ते वय नेमकं कुठल्या सालापासून मोजलंय, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता गर्भाशयाच्या पिशवीचं. हे लिहिताना हात जड होतो.

ऊसतोडीत खाडा झाला की पैसे कापतात. पाळीचे चार दिवस, अंगावरून जाणारं पांढरं, फडात पाणी नाही, आडोसा नाही. अंगावर काढून काढून बाई शेवटी खासगी दवाखान्यात जाते आणि तिथे तिला कॅन्सरची भीती घालतात. दोन मुलं झालीत ना, मग पिशवी कशाला ठेवता? उचलीच्या पैशातून ऑपरेशन होतं. २०१९ मध्ये हा विषय गाजला आणि शासनाच्या समितीने पाहणी केली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. विधिमंडळात चर्चा झाली, नियम आले. पुढची ऑपरेशनं थांबावीत म्हणून जे केलं ते योग्यच होतं. पण ज्यांची आधीच काढली, त्यांचं पुढे काय?

माझ्या भागात अशा बाया मला तोंडपाठ आहेत. कुणाची अठ्ठाविसाव्या वर्षी काढली, कुणाची तिसाव्या. पिशवीबरोबर बीजकोष काढले की ठेवले, हे बहुतेकींना माहीत नाही. कागद विचारला तर कॅरीबॅगमधून बिल निघतं. बीजकोष काढले तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं, आणि ठेवले तरी ते बऱ्याचदा लवकर थकतात. बाईच्या रक्तवाहिन्यांना चाळिशीपर्यंत जे संप्रेरकांचं पांघरूण असतं, ते तिशीतच निघून जातं. हाडं ठिसूळ होतात हे लोकांना दिसतं, कारण कंबर दुखते. हृदयाचं दुखत नाही, ते कळतं एकदम.

लहानपणीच्या सांधेदुखीचंही थोडं सांगते. चौथीतल्या पोरीचा घसा धरतो, ताप येतो, मग गुडघा सुजतो, तो उतरतो आणि घोटा सुजतो. घरचे म्हणतात वाढीचं दुखणं आहे. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप खराब होते. पुढे लग्न होतं, पाचव्या महिन्यात पोरीला धाप लागते आणि तेव्हा कळतं. यावर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन हा साधा, स्वस्त उपाय आहे. पण रिॲक्शनच्या भीतीने ते बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. मी स्वतः घाबरायचे, खोटं कशाला सांगू? एका पोरीला दोनदा परत पाठवलं होतं, तालुक्याला जा म्हणून. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. आम्हाला रिॲक्शनचं औषध हाताशी ठेवून, डॉक्टर समोर उभे राहून शिकवलं असतं, तर मी दिलं असतं.

मागणं फार नाही. आशाताईंच्या त्या फॉर्ममध्ये बायांसाठी काही प्रश्न वाढवा. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, झटके आले होते का, शुगर निघाली होती का. बाळ अडीच किलोच्या आत किंवा दिवस भरायच्या आधी झालं होतं का. पिशवी काढली का, आणि कितव्या वर्षी. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का. या प्रश्नांना पाच मिनिटं लागतात आणि बाई खरं सांगते, कारण आपलं बाळंतपण कुठलीच बाई विसरत नाही. कमरेचा घेर मोजताना ती अंग चोरते, पण बाळंतपणाचं विचारलं की बसायला पाट देते.

दुसरं, माता-बालकांच्या नोंदीच्या सरकारी आरसीएच पोर्टलवर प्रत्येक गरोदर मातेला नंबर मिळतो. अतिजोखमीची माता म्हणून तिच्या नावापुढे खूण होते, दर महिन्याच्या ९ तारखेला तिला तपासतात. बाळंतपणानंतर ती खूण पुसू नका. तोच नंबर असंसर्गजन्य आजारांच्या नोंदीला जोडा, म्हणजे ती तीस वर्षांची झाली की आशाताईच्या मोबाइलवर आपोआप दिसेल, हिला दरवर्षी बीपी. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या लसींचा तक्ता असतो, त्याच कार्डावर आईसाठी ठळक अक्षरांत एक ओळ छापा: बीपी उतरलं तरी वर्षातून एकदा मोजून घ्या. बाळाच्या लसीसाठी ते कार्ड पाच वर्षं तरी डब्यात जपून ठेवतात.

आणि जुनी रजिस्टरं रद्दीत घालू नका. आमचं एक उपकेंद्र गळायला लागलं तेव्हा सगळी रजिस्टरं एका खोलीत हलवली. पावसाळ्यानंतर मी गेले तर खालचा थर वाळवीने खाल्लेला होता, वरचे गठ्ठे कुणीतरी वजनावर घालून टाकले होते. एका मोठ्या अभ्यासाचं सामान होतं ते. इंग्लंडातल्या नर्सपेक्षा आमचं अक्षर काही वाईट नव्हतं.

त्यातलं थोडं माझ्याकडे आहे. नोकरीत असताना मी एक दोनशे पानी वही ठेवली होती, जोखमीच्या बाळंतिणींची, खात्याने सांगितली म्हणून नव्हे, तर रात्री-अपरात्री आठवण राहावी म्हणून. त्यात गाव, वर्ष, बीपी, सूज, बाळाचं वजन आहे. दिवाळीपासून मी ती घेऊन फिरते आहे. काही जणी गेल्या. दोघी-तिघी 'अटॅकने' गेल्या असं घरचे सांगतात, बाकीच्यांचं कारण कुणाला माहीत नाही. ज्या भेटल्या त्यांचं बीपी मोजते, आकडा जुन्या आकड्याच्या शेजारी लिहिते आणि केंद्रावर पाठवते. काही टोळीबरोबर गेल्यात, त्या पाडव्याच्या सुमारास येतील. मी आता चौसष्टीची आहे, सगळ्या वाड्या-वस्त्या मला होणार नाहीत.

त्या १९९४ च्या बाईला मी दुसऱ्याच दिवशी एसटीने तालुक्याला नेलं. ईसीजी काढला, छातीचा फोटो काढला, पुढे जिल्ह्याला इको झाला. हृदय मोठं झालंय आणि कमी ताकदीने चालतंय, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू आहेत, लघवी होण्याची एक आणि बीपीच्या दोन. मीठ तोडलंय, पापड-लोणचं बंद. परवा १४०/९० होतं आणि ती एका उशीवर झोपली. तिची ती १ किलो ८०० ग्रॅमची मुलगी आता तिशीत आहे, तिचंही पहिलं बाळ दिवस भरायच्या आधी झालं होतं. ती पाडव्याला कारखान्यावरून परत आली की आईने तिला माझ्याकडे आणायचं, असं आमचं ठरलं आहे. तिचं नाव मी वहीत लिहून ठेवलंय, बीपीचा रकाना मोकळा ठेवून.

कळावे,

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका